मादी धीट नाही, नर भित्रा नाही

नव्या जागेत सोडलेला उंदीर काय करतो हे पाहायचं आणि त्यावरून त्याच्या मनाची अवस्था ठरवायची, ही रीत मानसशास्त्रात नव्वद वर्षांहून जास्त काळ चालू आहे. तिच्यातून एक समजूत घट्ट झाली आहे. मादी जास्त फिरते, कमी लेंड्या टाकते, उघड्यावर लवकर येते, म्हणून ती नरापेक्षा कमी भित्री. या समजुतीच्या जोडीला दुसरी एक नांदते: मादीचं वागणं दर चार-पाच दिवसांच्या ऋतुचक्राबरोबर हेलकावे खातं, तेव्हा प्रयोगाला नरच बरा. मला या दोन्ही समजुती उथळ वाटतात, आणि दोन्हींचं मूळ एकच आहे असंही वाटतं. नवी जागा धुंडाळणं ही एकच राशी आहे, तिच्या एका टोकाला भीती आणि दुसऱ्या टोकाला धाडस आहे, असं आपण न तपासता धरून चाललो आहोत.

माझं म्हणणं असं. नर आणि मादी यांच्यात फरक आहे, तो खरा आहे आणि त्याची मुळं शरीरात आहेत. पण त्याला भीतीच्या मात्रेतला फरक म्हणणं चूक आहे. अनोळखी जागेची माहिती कशी गोळा करायची, धोका जाणवला की शरीराने काय करायचं आणि कोणती परिस्थिती मुळात धोक्याची मानायची, या तीन गोष्टींत दोघांच्या रीती वेगळ्या आहेत. भीतीची मात्रा मोजतो असं सांगणारी बहुतेक मापं नरांवर घडवली गेली. मादीपुढे ती धरली की आकडा मिळतो, पण त्याचा अर्थ बदललेला असतो.

१. रिंगणातून आलेलं माप

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅल्विन हॉल यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उंदरांना लख्ख उजेडाच्या गोल रिंगणात सोडलं आणि त्यांच्या लेंड्या व लघवी यांची नोंद ठेवली. घाबरलेल्या प्राण्याचं पोट सुटतं, हा त्यामागचा विचार. जे उंदीर रिंगणात लेंड्या टाकत ते तिथे ठेवलेलं अन्न खात नसत, त्यामुळे या विचाराला आधारही मिळाला. पुढे ओलांडलेले चौकोन, चाललेलं अंतर, भिंत सोडून मध्यभागी घालवलेला वेळ असे आकडे त्यात मिसळले. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयाशी जोडलेल्या प्रयोगशाळेत पी. एल. ब्रॉडहर्स्ट यांनी तर लेंड्यांच्या संख्येवरून निवड करत उंदरांचे दोन वेगळे वाण पिढ्यान्‌पिढ्या जोपासले. एका मापावर वाणच्या वाण उभे राहतात, तेव्हा त्या मापावर शंका घेणं अवघड होतं.

या मापाने नर-मादी तोलले, तर बहुतेक वाणांत निकाल एकाच बाजूला झुकतो: मादीचं चालणं जास्त, लेंड्या कमी. जेफ्री ग्रे यांनी १९७१ मध्ये हा सगळा पुरावा एकत्र मांडून मादी उंदीर नरापेक्षा कमी भित्री असते, असा निष्कर्ष काढला. पुढच्या काही वर्षांतच जॉन आर्चर यांनी दोन विस्तृत समीक्षा लिहून या मांडणीचा पाया तपासला. भीतीची म्हणून घेतलेली वेगवेगळी मापं एकमेकांबरोबर वरखाली होत नाहीत, मग त्यांच्यामागे ‘भावनिकता’ नावाचा एकच गुण आहे असं कशावरून म्हणायचं, हा त्यांचा प्रश्न होता. त्या समीक्षांचे संदर्भ आजवर अनेकांनी दिले, पण त्यांचा परिणाम प्रयोगशाळेच्या रोजच्या सवयींवर फारसा झाला नाही, ही या विषयातली माझी सर्वांत मोठी खंत आहे.

डेअरीतलं लॅक्टोमीटर दुधाची घनता सांगतं. दुधात फक्त पाणीच मिसळलं जातं असं गृहीत धरलं, तर त्या आकड्यावरून भेसळ कळते. साखर घातली की घनता पुन्हा वर येते आणि आकडा निर्दोष दिसतो. रिंगणातल्या आकड्याचं तसंच आहे. तो चालणं मोजतो. चालण्यातून भीती वाचायची असेल, तर चालण्यावर दुसऱ्या कशाचाही परिणाम होत नाही हे आधी सिद्ध करावं लागेल. मादीच्या बाबतीत ते सिद्ध होत नाही, उलट त्याविरुद्धचा पुरावा या रिंगणाहूनही जुना आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वांग यांनी १९२३ मध्ये दाखवलं होतं की फिरत्या चाकात मादीची धाव तिच्या चक्राबरोबर बदलते आणि माजाच्या रात्री ती कितीतरी जास्त धावते. त्या चाकात नवं काही नसतं आणि भिण्यासारखंही काही नसतं.

२. एकाच मादीविषयी परस्परविरोधी निकाल

माप खरोखर भीतीचं असेल, तर जागा बदलली तरी त्याने ढोबळमानाने एकच साक्ष द्यायला हवी. तशी ती मिळत नाही.

कोरड्या रिंगणात मादी भिंतीपासून लवकर सुटते, म्हणून आपण तिला धीट ठरवतो. तिलाच रिचर्ड मॉरिस यांच्या पाण्याच्या हौदात सोडा. १९८१ पासून स्थळाची स्मृती तपासण्यासाठी वापरला जाणारा हा गोल हौद असतो. पाण्याच्या पातळीखाली एक चौथरा दडवलेला असतो आणि उंदराने पोहत तो शोधायचा असतो. इथे सुरुवातीच्या फेऱ्यांत मादीच नरापेक्षा जास्त वेळ काठाला धरून पोहते. कोरड्यावर काठ धरणं ही भीती असेल, तर पाण्यात मादी भित्री ठरते आणि आधीचा निकाल रद्द होतो. आता रक्तातलं कॉर्टिकोस्टेरोन पाहा. ताणाच्या वेळी वाढणारं हे संप्रेरक मादीत नरापेक्षा जास्त चढतं. म्हणजे लेंड्या मोजणारा म्हणतो मादी शांत आहे, आणि रक्त तपासणारा म्हणतो ती जास्त तणावात आहे. प्राणी एकच आहे.

हौदाच्या प्रयोगाचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हौदात मादी मागे पडते, यावरून तिची स्थळस्मृती कच्ची असं बरीच वर्षं म्हटलं गेलं. १९९६ मध्ये पेरो-सिनाल आणि सहकाऱ्यांनी उंदरांना आधी हौदाची सवय करून दिली: पाणी कसं असतं, चौथरा नावाची एक गोष्ट असते, तिच्यावर चढून सुटका होते, एवढंच शिकवलं. त्यानंतर खरी चाचणी घेतली, तेव्हा नर-मादीतला फरक नाहीसा झाला. स्मृतीतला म्हणून नोंदलेला फरक पहिल्यांदा भेटलेल्या परिस्थितीला तोंड देण्याच्या रीतीतला होता. नव्या जागेचा आणि स्मृतीचा प्रश्न आपण एकमेकांत कालवला आणि मादीच्या नावावर एक उणीव लिहून मोकळे झालो.

३. एक उपकरण, दोन अर्थ

चिंतेवरच्या औषधांच्या चाचणीत आज सर्वांत जास्त वापरलं जाणारं उपकरण म्हणजे एलिव्हेटेड प्लस मेझ. जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंचावर अधिक चिन्हासारख्या चार फळ्या असतात. दोन फळ्यांना उंच भिंती, दोन उघड्या. उंदराला मध्यभागी ठेवून पाच मिनिटं पाहायचं. उघड्या फळ्यांवर जास्त वेळ घालवला तर चिंता कमी, भिंतींच्या आड राहिला तर जास्त. डायझेपामसारखी औषधं दिली की उघड्यावरचा वेळ वाढतो, म्हणून हे उपकरण चिंता मोजतं असं १९८५ मध्ये ठरलं. सँड्रा फाइल यांचा त्या कामात मोठा वाटा होता आणि ती पडताळणी नरांवर झाली होती.

त्याच फाइल यांनी सहकाऱ्यांबरोबर १९९९ मध्ये नर आणि माद्या यांच्या नोंदींचं घटक-विश्लेषण, म्हणजे कोणती मापं एकत्र बदलतात याची गणिती छाननी, वेगवेगळं केलं. नरांच्या वागण्यामागे चिंता आणि लैंगिक ओढ हे घटक ठळक निघाले. माद्यांच्या वागण्याचा सर्वांत मोठा भाग निव्वळ हालचालीच्या घटकाने उलगडला. याचा अर्थ गंभीर आहे. मादी उघड्या फळीवर गेली, तर ती कमी चिंतेत आहे की तिचं एकूण फिरणंच जास्त आहे, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. स्वतःच्याच पद्धतीविषयी हा निष्कर्ष छापणाऱ्या संशोधकांविषयी मला आदर वाटतो.

इथे माणसांचा संदर्भ टाळता येत नाही. चिंतेच्या विकारांचं निदान स्त्रियांमध्ये पुरुषांच्या जवळपास दुप्पट होतं. त्याच विकारांसाठीची औषधं मात्र मादी ‘कमी चिंताग्रस्त’ दाखवणाऱ्या उपकरणावर, बहुतांशी नर उंदीर वापरून निवडली जातात. उंदराची मादी आणि माणसाची स्त्री यांचं वागणं सारखंच दिसलं पाहिजे असं मी म्हणत नाही. पण प्रतिकृती म्हणून निवडलेली गोष्ट मूळ प्रश्नाच्या उलट दिशेला बोट दाखवते, तेव्हा आधी ती प्रतिकृती तपासायला हवी.

४. गोठणं आणि झेपावणं

भीतीचं एकच रूप आपण खरं मानत आलो, ते म्हणजे गोठून बसणं. आवाज झाला, मागोमाग पायाला विजेचा धक्का बसला, असं काही वेळा घडलं की पुढे नुसत्या आवाजानेही उंदीर जागच्या जागी थिजतो. किती सेकंद थिजला त्यावरून त्याला भीतीची आठवण किती पक्की राहिली हे ठरवलं जातं. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात रिबेका शान्स्की यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की काही उंदीर थिजत नाहीत, आवाज होताच ते झटक्यात झेपावत पिंजऱ्याच्या दुसऱ्या बाजूला जातात. सुमारे ४० टक्के माद्या असं करत होत्या, नरांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं.

जुन्या मोजणीत या माद्यांच्या नावापुढे थिजण्याचे सेकंद कमी लागले असते, आणि त्यांना धडा नीट शिकता आला नाही किंवा त्यांना भीतीच कमी वाटते, असा शेरा बसला असता. प्रत्यक्षात त्यांना धोका कळला होता आणि त्या पळवाट शोधत होत्या. नव्या रिंगणात मादी जास्त चालते, या जुन्या निरीक्षणाकडे या पार्श्वभूमीवर पुन्हा पाहावं लागतं. त्या चालण्यात कुतूहल असेल, सुटकेची वाट शोधणं असेल, चक्राबरोबर चढलेली चपळाई असेल. चौकोन मोजणारा या तिन्हींना एकाच रकान्यात टाकतो.

५. जागा वाचण्याच्या रीती

भीतीचा चष्मा उतरवला, तर दिसतं ते जास्त मोलाचं आहे. तेल अवीव विद्यापीठात डेव्हिड आयलम आणि इलान गोलानी यांनी १९८९ मध्ये नव्या जागेत सोडलेल्या उंदराची प्रत्येक फेरी नोंदवली. उंदीर इकडेतिकडे भरकटत नाही. तो एक-दोन ठिकाणं आपला तळ म्हणून निवडतो, तिथून थांबत थांबत, हळू बाहेर पडतो आणि परतताना वेगाने येतो. म्हणजे अगदी पहिल्या तासातसुद्धा त्याच्या हालचालीला रचना असते. चाललेलं एकूण अंतर सांगणारा आकडा ही सगळी रचना पुसून टाकतो.

या रचनेतच नर-मादीतले फरक शोधायला हवेत, आणि शोधले तेव्हा ते सापडलेही. विल्यम्स, बार्नेट आणि मेक यांनी १९९० मध्ये अनेक वाटांच्या चक्रव्यूहात उंदरांना तयार केलं आणि मग खोलीत बदल केले. खोलीच्या आकाराचा अंदाज बिघडवला, तर नर गोंधळले. खोलीतल्या वस्तू हलवल्या, तर त्यांना फारसं काही वाटलं नाही. माद्या आकार आणि खुणा या दोन्हींचा आधार घेत होत्या. शिकण्याच्या गतीपेक्षा हा फरक मला कितीतरी अर्थपूर्ण वाटतो, कारण त्यात कोणी वरचढ नाही. आकारावर विसंबणारा वस्तू हलल्या तरी चुकत नाही, आणि दोन्हींवर लक्ष ठेवणाऱ्याला एक आधार गेला तरी दुसरा उरतो.

उंदरांच्या नात्यातल्या, पण त्यांच्याहून लहान अशा माउस जातीच्या प्राण्यांवर मिनेसोटा विद्यापीठात निकोला ग्रिसम यांच्या गटाने २०२१ मध्ये असंच काही दाखवलं. पडद्यावरच्या दोन चित्रांतून बक्षीस देणारं चित्र ओळखायचं होतं. माद्यांनी चित्राचं एकच अंग धरून पद्धतशीरपणे पर्याय कमी केले आणि लवकर शिकल्या. नर अनेक युक्त्या बदलत राहिले. शेवटी दोघांचंही कौशल्य सारख्या पातळीला पोहोचलं. अंतिम गुण पाहिले असते, तर लिंगभेद नाही असा अहवाल झाला असता. पहिल्या दिवसांचे गुण पाहिले असते, तर नर मंद ठरला असता. तिथवर पोहोचण्याची वाट पाहिली, तेव्हाच खरी गोष्ट कळली.

‘अनोळखी’ हा गुणही एकसंध नाही. एस. ए. बार्नेट यांनी रानटी उंदरांच्या अभ्यासात दाखवलं की ओळखीच्या जागी नवी वस्तू आली तर उंदीर तिला दीर्घकाळ टाळतो, पण जागाच नवी असेल तर ती धुंडाळतो. आपल्याकडचा शेतकरी हे अनुभवाने जाणतो. झिंक फॉस्फाइडचं विषारी आमिष ठेवण्याआधी दोन-तीन दिवस साधं आमिष ठेवण्याचा सल्ला याच कारणाने दिला जातो. मग नवी वस्तू, नवी जागा, पाणी, उंची आणि उजेड या सगळ्यांवरच्या प्रतिक्रिया ‘नवेपणाची भीती’ या एकाच नावाखाली घालून नर-मादीची तुलना करण्यात अर्थ तो काय उरतो?

६. फरक येतो कुठून

एवढं वाचून कुणी म्हणेल की हा फरक म्हणजे मोजणाऱ्यांचा घोळ, खऱ्या अर्थाने फरक नाहीच. हे दुसऱ्या टोकाचं उथळपण आहे आणि तेही मला मान्य नाही. ग्रे, लिव्हाइन आणि ब्रॉडहर्स्ट यांनी १९६५ मध्येच दाखवलं होतं की जन्मानंतर लगेच संप्रेरकं टोचली, तर मोठेपणी रिंगणातलं वागणं बदलतं. १९९० च्या चक्रव्यूहाच्या प्रयोगातही जन्माच्या सुमाराच्या संप्रेरकांनी जागा वाचण्याची रीत एका बाजूकडून दुसरीकडे झुकवली. वयात येण्याच्या सुमारास हे फरक ठळक होतात. शरीराचा हात इथे स्पष्ट आहे.

तरी शरीर एकटं काम करत नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सिलिया मूर यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटापासून दाखवून दिलं की आई आपल्या नर पिल्लांना मादी पिल्लांपेक्षा जास्त चाटते, ती त्यांच्या वासावरून हा भेद करते आणि या चाटण्याचा पिल्लांच्या पुढच्या वागण्यावर परिणाम होतो. पिंजऱ्यातली सोबतही मोजावी लागते. ब्राउन आणि ग्रुनबर्ग यांना १९९५ मध्ये आढळलं की दाटीवाटीने नरांचा ताण वाढतो आणि माद्यांचा उतरतो. एका पिंजऱ्यात एक उंदीर ठेवायचा की चार, या व्यवस्थापनाच्या निर्णयातच लिंगभेदाचा अर्धा निकाल लागून गेलेला असू शकतो.

जातीचं जीवनमानही फरक घडवतं. गॉलिन आणि फिट्झजेराल्ड यांनी १९८० च्या दशकात व्होल नावाच्या, उंदरासारख्या प्राण्याच्या दोन जाती तुलनेला घेतल्या. ज्या जातीत एक नर अनेक माद्यांच्या मागे जातो, तिथे नराचा वावर मोठा होता आणि चक्रव्यूहातही तो सरस ठरला. जोडीने राहणाऱ्या जातीत दोन्ही फरक दिसले नाहीत. नर असणं म्हणजे आपोआप भटका असणं, हे इथेच संपतं.

७. आक्षेप

पहिला आक्षेप: मादीच्या चक्रामुळे आकडे विखुरतात. हा आक्षेप इतका प्रभावी ठरला की बिअरी आणि झुकर यांच्या २०११ च्या पाहणीत मेंदूविज्ञानात फक्त नरांवरचे अभ्यास फक्त माद्यांवरच्या अभ्यासांच्या साडेपाच पट भरले. त्याची तपासणी मात्र फार उशिरा झाली. प्रेंडरगास्ट आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये माउसवरचे २९३ शोधनिबंध तपासले, जिल बेकर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये उंदरांवरचे ३११ तपासले. चक्राचा दिवस न पाहता घेतलेल्या माद्यांचे आकडेही नरांपेक्षा जास्त विखुरलेले नव्हते. हार्वर्डमध्ये संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या गटाने २०२३ मध्ये रिंगणातल्या माउसच्या हालचाली संगणकाने क्षणाक्षणाला टिपल्या. चक्राच्या टप्प्यापेक्षा तो विशिष्ट प्राणी कोण आहे, याचा ठसा जास्त मोठा निघाला, आणि नरांचं वागणं माद्यांपेक्षा जास्त बदलतं होतं. चक्राचा परिणाम शून्य आहे असं यातून निघत नाही, वांग यांचं चाक तसं म्हणू देत नाही. मादीला वगळण्याचं कारण म्हणून तो पुरत नाही, एवढं नक्की निघतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: प्रत्येक रीत बारकाईने नोंदवायची तर तुलना कशी करणार? एक आकडा ढोबळ असला तरी हजार प्रयोगशाळा त्यावर एकमेकांशी बोलू शकतात. यातली अडचण मी नाकारत नाही. पण त्या बोलण्यात ‘चिंता’ या शब्दाला नरांच्या प्रयोगात एक अर्थ आणि माद्यांच्या प्रयोगात दुसरा अर्थ असेल, तर संवाद होतो आहे हा नुसता भास आहे. शिवाय आज कॅमेरा आणि संगणक यांमुळे थांबे, वळणं, तळाकडे परतणं, झेपावणं हे सगळं वेगळं नोंदवायला पूर्वीसारखे कष्ट पडत नाहीत.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. दोन्ही लिंगं घ्यायची म्हणजे दुप्पट प्राणी मारायचे का? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१६ पासून अनुदान मागणाऱ्यांना लिंगाचा विचार करायला सांगितलं, तेव्हाही हा प्रश्न आला. दुपटीची गरज नसते. ठरलेली संख्या नर-मादीत विभागून, उपचार आणि लिंग या दोन्ही घटकांचं एकत्र विश्लेषण करता येतं. फक्त नरांवर केलेला आणि निम्म्या रुग्णांना लागू आहे की नाही हे न सांगू शकणारा प्रयोग मला प्राण्यांच्या जिवाशी जास्त बेपर्वाईने वागणारा वाटतो. झोल्पिडेम हे झोपेचं औषध अनेक वर्षं बाजारात राहिल्यावर २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने स्त्रियांसाठीची शिफारस १० मिलिग्रॅमवरून ५ मिलिग्रॅमवर आणली, कारण स्त्रियांच्या शरीरातून ते हळू बाहेर पडतं. त्या मधल्या वर्षांची किंमत स्त्रियांनी मोजली.

हा मुद्दा आपल्या महाविद्यालयांच्याही दाराशी आहे. महाराष्ट्रातल्या औषधनिर्माणशास्त्राच्या विभागांत ब्राह्मी, अश्वगंधा यांसारख्या वनस्पतींच्या अर्काचा चिंतेवरचा परिणाम पाहायला प्लस मेझ वापरलं जातं. तिथेच तीव्र विषारीपणाची चाचणी आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या (ओईसीडी) ४२३ किंवा ४२५ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेनुसार होते, आणि ती मार्गदर्शिका सहसा माद्या वापरायला सांगते, कारण जिथे फरक आढळतो तिथे माद्या किंचित जास्त संवेदनशील निघतात. म्हणजे औषध किती मात्रेत घातक ठरतं हे मादीवर पाहायचं आणि ते मनावर कसं काम करतं हे नरावर पाहायचं, असं एकाच प्रबंधात घडू शकतं. ते बदलायला नवं उपकरण लागत नाही. अ‍ॅनिमल हाउसमधून दोन्ही लिंगांचे उंदीर मागवायचे, पिंजऱ्यात किती ठेवले ते लिहायचं, उघड्या फळीवरच्या वेळेबरोबर बंद फळ्यांतल्या फेऱ्याही छापायच्या, म्हणजे हालचाल आणि चिंता वेगळी वाचता येईल. आणि प्रयोग करणारी व्यक्ती पुरुष होती की स्त्री, तेही नोंदवायचं, कारण मॅकगिल विद्यापीठातल्या जेफ्री मोगिल यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं आहे की पुरुषाच्या नुसत्या वासानेही या प्राण्यांचा ताण वाढतो.